म्हातारपणीचे पडणे

रायपूरहून बिलासपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर सिलतरा हे औद्योगिक क्षेत्र लागते. लोखंड-पोलादाचे कारखाने, धुराडी, रात्रंदिवस धावणाऱ्या मालमोटारी. अशा ठिकाणी अपघात म्हटला की डोळ्यांपुढे मालमोटारच येते. परंतु वृद्धांचा अपघात बहुधा घरातच दबा धरून बसलेला असतो. न्हाणीतली ओली फरशी, रात्रीचा अंधार, एखादा उंबरठा! उभ्या जागी पडल्याने तरुणाला खरचटते. सत्तरीच्या माणसाचे खुब्याचे हाड मोडते.

घरचे मग म्हणतात, ‘या वयात आता शस्त्रक्रिया कशाला?’ पूर्वी हे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. मोडलेल्या पायाला वजन बांधून रुग्णाला महिनोन्‌महिने अंथरुणावर ठेवीत; हाड जुळण्याआधीच पाठीला जखमा होत, छातीत कफ साठून न्यूमोनिया गाठी. १९२५ साली बोस्टनच्या स्मिथ-पीटरसन यांनी अशा हाडात तीन पात्यांचा खिळा बसविला आणि मार्ग खुला झाला. आज शक्यतो ४८ तासांच्या आत शस्त्रक्रिया करून दुसऱ्याच दिवशी रुग्णाला उभे करतात. वय जितके अधिक, तितके अंथरूण धोक्याचे.

वृद्ध देह मोठा फसवा असतो. रक्तस्राव होऊ लागला की तरुणाची नाडी धावते. बीटा-ब्लॉकर गोळी घेणाऱ्याची शांतच राहू शकते. एरवी ज्याचा रक्तदाब १५० असतो, त्याचा ११० झाला तर आकडा ठीक दिसतो, मनुष्य मात्र ढासळत असतो. डोक्याचा मार तर याहून कपटी. वयोमानाने मेंदू आक्रसतो, कवटीत पोकळी राहते, तीत हळूहळू रक्त साठते. दोन-तीन आठवड्यांनी आजोबा असंबद्ध बोलू लागले की लोक म्हणतात, म्हातारचळ! रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर हा धोका वाढतो. म्हणून औषधांची चिठ्ठी रुग्णाबरोबरच न्यावी.

सिलतऱ्याहून रायपूर जवळ आहे. तेथील वैद्यकीय महाविद्यालय १९६३ पासूनचे, अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था २०१२ पासूनची. रुग्णवाहिका १०८ क्रमांकावर मिळते. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील सर्वांना, उत्पन्नाची अट न घालता, आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार खुले झाले आहेत. पुष्कळदा अडते ते पहिल्या तासाशी. पाय आखूड होऊन बाहेर वळलेला दिसला, की रुग्णाला उठवून बसवू नये, हाडवैद्याकडून चोळून घेऊ नये, चहाही पाजू नये, कारण पुढे भूल द्यावी लागणार असते. पाय आहे त्या स्थितीतच उशांचा आधार देऊन त्याला आडवेच न्यावे.