वॉकर हें आडनांव कोठून आलें?



इंग्रजींत 'वॉक' म्हणजे चालणें, हें शाळेंतल्या पोरासही ठाऊक असतें. तेव्हां वॉकर साहेबाचा पूर्वज मोठा पायपीट करणारा असेल, असें आपणांस वाटणारच. स्कॉटलंडांतील एका दारूच्या बाटलीवर तर १९०८ सालापासून ऐटींत चालणारा वॉकर काढलेला आहे. (त्या बाटलीशीं आपणांस कर्तव्य नाहीं!) पण खरा वॉकर रस्त्यानें चालत नव्हता. तो डोणींत उभा राहून कापड तुडवीत होता.

मागावरून उतरलेलें लोकरीचें कापड विरविरीत आणि तेलकट असतें. तुमच्यांत घोंगडी विणणारे असतील, त्यांस हें चटकन उमजेल. तें कापड डोणींत घालून त्यावर पाणी, एक प्रकारची चिकणमाती आणि शिळें मूत्र ओतीत. होय, माणसांचें मूत्र. त्यानें तेलकटपणा सुटतो. मग गडी त्यांत उतरून तासन् तास पाय मारीत. लोकरीचे तंतू एकमेकांत गुंतत, कापड आटून दाट होई, तेव्हां कुठें तें थंडीवाऱ्यास टिके. मग तें आंकड्यांच्या चौकटीवर ताणून वाळवीत. हें काम करणाऱ्यास इंग्लंडच्या उत्तरेस व मध्यभागीं वॉकर म्हणत, नैर्ऋत्येस टकर, आणि दक्षिण-पूर्वेस फुलर. आडनांवें तीन, धंदा एकच.

बाराव्या शतकांत पाण्याच्या चाकावर लांकडी घण चालवून कापड कुटणाऱ्या गिरण्या निघाल्या. ११८५ च्या दप्तरांत त्यांची नोंद आहे. पायांचे श्रम वांचले, हें चांगलेंच झालें. पण गिरण्या कोणाच्या? जमीनदारांच्या आणि मठांच्या! सेंट ऑल्बन्स येथील लोक आपलें कापड घरींच तुडवीत. मठाधिपतीचा हुकूम सुटला कीं, माझ्याच गिरणींत आणा आणि पैसे भरा. १२७४ सालीं लोक भांडले व हरले. दळणाचेंही तेंच. चौदाव्या शतकांत घरोघरचीं जातीं हिसकावून मठाधिपतीच्या बैठकीच्या खोलींत त्यांची फरशी बसविली! १३८१ च्या शेतकऱ्यांच्या बंडांत लोकांनीं ती फरशी उखडली आणि दगडांचे तुकडे करून आपापल्या घरीं नेले.

याच सुमारास धंद्याचीं नांवें बापाकडून मुलाकडे आडनांव म्हणून जाऊं लागलीं. त्याआधीं जो तुडवील तो वॉकर. त्याचा मुलगा सुतार झाला तर तो कारपेंटर. पुढें मुलगा सुतार होवो कीं वकील होवो, आडनांव वॉकरच राहिलें. पण त्या आडनांवाखातर कोणी त्यास पुन्हां डोणींत उतरविलें नाहीं. मघाशीं सांगितलेल्या बाटलीस ज्याचें नांव आहे, तो जॉन वॉकर १८२० सालीं किल्मार्नॉक गांवांत किराणा विकीत होता.