प्रायश्चित्त कशाचं?

(प्रायश्चित्तकाळात धर्मग्रामाच्या सेवाकार्यातील कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज इथे ख्रिस्ती नसलेले साथीही आले आहेत, म्हणून आधी थोडक्यात सांगतो. राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावून आमचा प्रायश्चित्तकाळ सुरू होतो आणि ईस्टरपर्यंत चालतो. मधले रविवार वगळले तर दिवस भरतात चाळीस. या दिवसांत तीन गोष्टी करायच्या असतात: प्रार्थना, उपवास आणि दानधर्म. शुक्रवारी क्रुसाची वाट असते. धर्मग्रामात सेवेची कामं निघतात. धान्याच्या पिशव्या भरल्या जातात, आजाऱ्यांच्या घरी भेटी होतात, वस्तीत आरोग्य शिबिर लागतं, कारितास इंडियाच्या मोहिमेसाठी वर्गणी गोळा होते.

या कामाची मी टिंगल करणार नाही. ज्याच्या घरी त्या पिशवीमुळे चूल पेटली, त्याला तिची किंमत ठाऊक आहे. माझा प्रश्न वेगळा आहे. पिशवी देणारे कोण आणि घेणारे कोण? दरवर्षी देणारे तेच आणि घेणारेही तेच का? चाळीस दिवस आपण वस्तीत जातो. उरलेले ३२५ दिवस वस्तीतला माणूस धर्मग्रामाच्या कार्यकारिणीत दिसतो का?

राखेच्या बुधवारनंतरच्या शुक्रवारी मिस्सामध्ये यशया संदेष्ट्याच्या ५८व्या अध्यायातलं वाचन असतं. तिथे देव उपवास करणाऱ्यांवर नाराज आहे. तुम्ही उपवास धरता आणि त्याच दिवशी मजुरांना राबवून घेता, हा त्याचा आरोप आहे. मग तो सांगतो की त्याला कोणता उपवास हवा. आधी अन्यायाच्या बेड्या तोडा, मानेवरचं जू मोडा, आणि मग भुकेल्याला आपल्यातली भाकर द्या. हा क्रम नीट लक्षात घ्या. आपण थेट भाकरीपासून सुरुवात करतो आणि बेडीपर्यंत पोचतच नाही.

आणि बेडी आहे का? आहे. तमिळनाडूतलं एरैयूर हे गाव घ्या, तेव्हाच्या विलुपुरम जिल्ह्यातलं. तिथे वन्नियारही कॅथलिक आणि दलितही कॅथलिक. देव एक, मिस्सा एक. पण दलितांची दफनभूमी वेगळी आणि त्यांची अंत्ययात्रा मुख्य रस्त्याने चर्चला न्यायला मनाई. तिथल्या दलितांनी स्वतःचं छोटं चर्च उभारलं आणि त्याला वेगळा धर्मग्राम म्हणून मान्यता मागितली. त्या मागणीसाठी ते मार्च २००८ मध्ये उपोषणाला बसले. ते दिवस प्रायश्चित्तकाळाचे होते. ९ मार्चला, म्हणजे ईस्टरच्या दोन आठवडे आधीच्या रविवारी, दलितांच्या घरांवर हल्ला झाला. पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात वन्नियार समाजाचे दोन जण मेले. एकाच गावात, एकाच काळात दोन उपवास चालले होते. एक पंचांगातला, दुसरा माणूस म्हणून जगण्यासाठीचा. दुसरा उपवास पहिल्याला सहन झाला नाही.

तिरुचिरापल्लीच्या मेलपुदुरमधल्या कॅथलिक दफनभूमीत दलितांच्या आणि सवर्णांच्या कबरींमध्ये भिंत आहे. राखेच्या बुधवारी धर्मगुरू प्रत्येकाला आठवण देतात की तू माती आहेस आणि मातीलाच मिळशील. जातीने त्या मातीचेही दोन भाग केले.

हे सगळं दक्षिणेतलं, आपल्याकडे असं काही नाही, असं कुणाच्या मनात आलं असेल. महाराष्ट्रात दफनभूमीत भिंत नसेल. पण लग्नाची बोलणी सुरू झाली की मूळ गाव का विचारलं जातं? नगर जिल्ह्यातल्या महारवाड्यांतून आणि मांगवाड्यांतून आपले आजे-पणजे चर्चमध्ये आले ते माणूस म्हणून उभं राहायला. त्यांच्या नातवंडांना अजून आडनावावरून जोखलं जात असेल, तर भिंत आहे. ती विटांची नाही, इतकंच.

बाबासाहेबांनी हे ओळखलं होतं. १ जानेवारी १९३८ ला सोलापुरात ख्रिस्ती लोकांच्या सभेत ते बोलले. दक्षिणेतले ख्रिस्ती चर्चमध्ये जात पाळतात आणि ख्रिस्ती समाज राजकारणात मागे आहे, या दोन्ही गोष्टी त्यांनी तिथे तोंडावर सांगितल्या. ही टीका शत्रूची नव्हती. आपल्यातलेच माणसं तिकडे गेल्यावर त्यांचं काय झालं, याची काळजी त्यात होती.

आता 'आमच्यात जात नाही' या वाक्याची किंमत कोण मोजतं ते पाहू. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित आजही बाहेर आहेत. मद्रासमध्ये रस्त्याच्या कडेला चपला शिवणारे सूसाई जन्माने आदि-द्रविड होते आणि नंतर ख्रिस्ती झाले होते. सरकारने अनुसूचित जातीच्या चर्मकारांना मोफत टपऱ्या दिल्या. यांना ख्रिस्ती म्हणून नाकारली. ते सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८५ मध्ये न्यायालय म्हणालं, धर्म बदलल्यावरही जातीचा जाच तितकाच तीव्र राहतो याचा पुरावा पुरेसा नाही.

पुरावा कुठे होता? एरैयूरसारख्या गावांत होता, दफनभूमीत होता, धर्मग्रामांच्या बाकांवर होता. चर्चने झाकलेली जात शेवटी त्या चर्मकाराच्या टपरीवर येऊन पडली. भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने दलित सक्षमीकरणाचं धोरण काढलं ते डिसेंबर २०१६ मध्ये. चर्चमध्ये अस्पृश्यता आणि भेदभाव आहे हे त्यात मान्य केलं आहे. २०२२ मध्ये हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला भारतातले पहिले दलित कार्डिनल झाले. दोन्ही गोष्टींचं स्वागत. पण धोरण कागदावरून धर्मग्रामात उतरायला हवं.

म्हणून या प्रायश्चित्तकाळात तीन कामं करू या.

पहिलं, २०१६ चं ते धोरण मराठीत आणून रविवारच्या मिस्सानंतर मोठ्याने वाचू या आणि त्यावर चर्चा ठेवू या.

दुसरं, धर्मग्रामाचा हिशेब मांडू या. कार्यकारिणीत कोण आहे? वेदीजवळ वाचन कोण करतं आणि झाडलोट कोण करतं? झाडणाऱ्याला मजुरी किती मिळते? चर्चच्या शाळेत आपली किती मुलं आहेत, किती शिक्षक आहेत? आकडे फलकावर लावू या. पापनिवेदनात आपण मोघम बोलत नाही. इथेही बोलू नये.

तिसरं, पवित्र गुरुवारी धर्मगुरू बारा जणांचे पाय धुतात. २०१६ पासून त्यात स्त्रियाही बसू शकतात. येशूने पाय धुतले ते शिष्यांचे, आणि त्यांच्याच सोबत तो एका पंगतीत जेवला. वस्तीतल्या माणसाचे पाय वर्षातून एकदा धुऊन त्याला पुन्हा दाराबाहेर पाठवायचं असेल, तर ते पाणी वाया गेलं. ज्याचे पाय धुवाल त्याला कार्यकारिणीत खुर्ची द्या, निर्णयात मत द्या.

धान्याच्या पिशव्या भरायच्याच आहेत. उद्या सकाळी मीही भरायला येणार आहे. फक्त पिशवी घेऊन ज्या घरी जाल, तिथे थोडं बसा. त्या घरचं पाणी प्या, जेवायला वाढलं तर जेवा. आणि निघताना त्यांना कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीची तारीख सांगून या.

जय भीम.