एका आकड्यावर जाऊ नका



पाळी चुकते, आशाताईंनी दिलेल्या किटवर दोन रेघा उमटतात आणि डॉक्टर रक्ताची तपासणी लिहून देतात: बीटा एचसीजी. रिपोर्टवर येतो एक आकडा. मग घरात काळजी सुरू होते. ‘जाऊबाईंचा नऊशे होता, माझा तीनशेच कसा?’

गर्भ रुजू लागला की पुढे ज्यांच्यापासून वार तयार होते, त्या पेशी एचसीजी हे संप्रेरक रक्तात सोडतात. त्यामुळे अंडाशयात प्रोजेस्टेरॉन बनत राहतं आणि गर्भाशयाचं अस्तर टिकतं. पूर्वीच्या तपासण्यांमध्ये एचसीजी आणि एलएच या दोन सारख्या रचनेच्या संप्रेरकांची गल्लत होई. 1972 साली अमेरिकेत ज्युडिथ वैतुकायटिस, ग्लेन ब्राउनस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एचसीजीचा वेगळा असलेला ‘बीटा’ भाग नेमका मोजून दाखवला. रिपोर्टवरचं ‘बीटा’ ते हेच.

साधारणपणे आकडा 5 च्या आत असेल तर दिवस गेलेले नाहीत, 25 च्या वर असेल तर गेले आहेत. मधला असेल तर पुन्हा तपासायचं. पण दिवस तेवढेच भरलेले असूनही एकीचा आकडा शेकड्यात असतो, दुसरीचा हजारात, आणि दोघींची बाळं सुखरूप जन्मतात. म्हणून जावेशी तुलना नको. आपलाच आकडा कसा वाढतो, ते पाहायचं. सुरुवातीच्या आठवड्यांत तो दोन-तीन दिवसांत जवळजवळ दुप्पट होतो. यासाठीच डॉक्टर 48 तासांनी पुन्हा रक्त द्यायला सांगतात. ते शक्यतो त्याच लॅबमध्ये द्या. उपाशीपोटी जायची गरज नाही. वाढ मंद असेल तर गर्भ टिकत नसेल किंवा गर्भनलिकेत रुजला असेल, अशी शंका येते. मग सोनोग्राफीने खात्री करतात. आठ ते अकरा आठवड्यांनंतर आकडा आपोआप उतरू लागतो. त्याला घाबरू नका.

घरातल्या सगळ्यांनी एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. ओटीपोटात एका बाजूला जोराची कळ, अंगावरून रक्त जाणं, घेरी येणं, खांदा दुखणं, यातलं काही झालं तर दुसऱ्या रिपोर्टची वाट पाहू नका. आकडा कमी असतानाही गर्भनलिका फुटू शकते आणि जिवावर बेतू शकतं. रात्र असो, पाऊस असो, 108 ला फोन करा आणि तिला दवाखान्यात न्या.