एल्फिन्स्टनकडून काय घ्यावं

आज पदवी घेणाऱ्या माझ्या मुलामुलींनो,

मालगुंडात भाषणाला उभं राहायचं म्हणजे कवी केशवसुतांबद्दल बोलायचं, अशी रीत आहे. ती मोडण्याचा माझा विचार नाही. पण त्यांच्यापर्यंत मी जरा लांबच्या वाटेने येणार आहे. ही वाट एका ब्रिटिश मुत्सद्द्याच्या दारावरून जाते. त्याचं नाव माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनमुळे हे आडनाव सगळ्यांना माहीत होतं. ते स्टेशन मात्र त्याच्या पुतण्याच्या नावाचं होतं आणि 2018 साली त्याचं प्रभादेवी झालं. आपला एल्फिन्स्टन म्हणजे पेशवाई बुडवणारा.

1779 साली स्कॉटलंडमध्ये जन्मलेला हा मुलगा सोळा-सतराव्या वर्षी कंपनीच्या नोकरीत कलकत्त्याला उतरला. तुमच्यापेक्षा लहान वयात. हातात पदवी नाही, पण वाचनाची भूक अफाट. फारसी शिकला. 1803 साली असईच्या लढाईत तो वेलस्लीच्या सोबत होता. मग नागपूरकर भोसल्यांच्या दरबारी रेसिडेंट झाला. 1808 साली कंपनीने त्याला अफगाणिस्तानच्या शाह शुजाकडे वकील म्हणून धाडलं. शाहाची भेट पेशावरला झाली, तहही झाला. पण थोड्याच दिवसांत शाहाचंच तख्त गेलं आणि तहाची किंमत शून्यावर आली. दुसरा कुणी असता तर कपाळाला हात लावून परत फिरला असता. एल्फिन्स्टनने व्यापारी, प्रवासी, यात्रेकरू, जो भेटेल त्याला बसवून प्रश्न विचारले. रस्ते कुठले, टोळ्या कुठल्या, पिकतं काय, भांडणं कशावरून होतात, सगळं टिपून घेतलं. 1815 साली त्यातून काबूलच्या राज्यावरचा ग्रंथ निघाला. प्रत्यक्ष काबूलमध्ये या माणसाने पाऊलही ठेवलेलं नव्हतं!

1811 साली तो पुण्याला रेसिडेंट म्हणून आला. मुळा-मुठेच्या संगमावर त्याची कोठी होती. तिथे बसून त्याने दुसऱ्या बाजीरावाचं राज्य पानापानाने वाचलं. कोणता सरदार नाराज आहे, कुणाची जहागीर अडकली आहे, वाड्यात कुणाचं चालतं, सगळं त्याला कळत होतं. बाळाजीपंत नातूंसारखी आपलीच माणसं त्याला खबर देत होती. 1817 च्या जूनमध्ये त्याने पेशव्यांकडून असा तह लिहून घेतला की मराठा मंडळाचं पुढारीपणच संपलं. 5 नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली. त्या दिवशी संगमावरची कोठी जळाली आणि त्याची पुस्तकं, टिपणं खाक झाली. राज्य मात्र आपलं गेलं. 1818 साली ही तुमची किनारपट्टीही कंपनीकडे गेली.

पण या हुशार माणसाच्या बाजूलाही एक भोक होतं. गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांच्या खुनाच्या प्रकरणात बाजीरावाचे विश्वासू त्र्यंबकजी डेंगळे यांना ठाण्याच्या किल्ल्यात ठेवलं होतं. एतद्देशीय शिपाई फितूर होतील म्हणून पहारा निव्वळ गोऱ्यांचा. जुने इतिहासकार सांगतात की एक मोतद्दार घोडा खरारा करता करता मराठी गाणी म्हणत असे आणि त्या गाण्यांतूनच सुटकेचा बेत आत पोचला. पहारेकऱ्यांनी गाणी ऐकली, त्यांना कळलं काही नाही. 1816 च्या सप्टेंबरात त्र्यंबकजी पसार झाले. ज्याला समोरच्याची भाषा येत नाही, त्याचा पहारा बंदुकीने पुरा होत नाही.

आता आपली बाजू पाहू. आपले वकील दिल्लीत होते, हैदराबादेत होते, कामात तरबेज होते. पण ज्या लंडनमधून कंपनी चालायची, तिथे काय शिजतं हे पाहायला आपलं कायमचं माणूस कुणी नव्हतं. 1781 च्या सुमारास राघोबादादांनी हनमंतरावांना तिकडे पाठवलं, तेही आपल्याच गादीच्या भांडणासाठी. पुढे साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह पदच्युत झाल्यावर त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला गेले आणि 1853 पर्यंत तिथे चिवटपणे झुंजले. तिथल्या सभा, तिथली वर्तमानपत्रं, तिथले कायदे त्यांनी समजून घेतले. पदरात काही पडलं नाही, कारण तोवर सगळं हातचं गेलेलं होतं. समोरच्याला ओळखायला आपण निघालो, ते हरल्यावर.

एल्फिन्स्टनला डोक्यावर घ्या असं मी म्हणत नाही. त्याचं ज्ञान सत्तेच्या चाकरीत होतं. 1819 ते 1827 तो मुंबईचा गव्हर्नर होता. त्या काळात त्याने पुण्याला संस्कृत पाठशाळा काढली, मराठी पुस्तकं छापण्याला बळ दिलं. तंबूत पडलेला मराठी पुस्तकांचा ढीग दाखवून, हा आम्हाला युरोपात परत नेणारा रस्ता आहे, अशा अर्थाचं तो बोलला होता, असं त्याचा सहकारी ब्रिग्ज याने नोंदवलं आहे. तो रस्ता कुणी बांधला? कोकणातल्याच मुलांनी. पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी 1832 साली ‘दर्पण’ काढलं आणि पुढे ते एल्फिन्स्टनच्या नावाच्या संस्थेत शिकवू लागले. पुण्याच्या त्या पाठशाळेतून पुढे वाढलेल्या डेक्कन कॉलेजातून रत्नागिरीचे टिळक पदवीधर झाले. आणि या मालगुंडच्या केशवसुतांनी इंग्रजी कविता वाचली, तिचं सुनीत उचललं आणि मराठीत असं रुजवलं की ते परकं वाटेनासं झालं. शिकलेलं पचवायचं कसं, याचा हा तुमच्या गावचा दाखला.

तुमच्यातले काही पुण्या-मुंबईला जातील, काही आखातात, काही बोटीवर. जिथे जाल तिथल्या माणसांची भाषा शिका, त्यांचा इतिहास वाचा. साहेबाला काय हवं आहे हे साहेबाच्याही आधी कळलं पाहिजे. आणि जे इथेच राहणार आहेत त्यांना माझं जास्त आग्रहाचं सांगणं आहे. जयगडच्या खाडीवर आज बंदर आहे, वीजप्रकल्प आहे. उद्या आणखी कुणी येईल. त्याचं स्वागत करायचं की विरोध, ते गाव ठरवील. पण त्याआधी त्याचा अहवाल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेला, जमिनीचे कागद समजणारा, त्याच्याच भाषेत त्याला उलट प्रश्न विचारणारा एक तरी माणूस गावात हवा. तो माणूस तुम्ही व्हा. आपल्या पदवीचा गावाला तेवढा उपयोग होऊ द्या.