विम्याच्या हप्त्याचा आकडा का बदलतो?



मंठ्याचा एखादा वाहनमालक गाडीच्या विम्याची चौकशी करतो. त्याला हप्त्याचा एक आकडा सांगितला जातो आणि चार दिवसांनी पैसे भरावयास जाताच तो आकडा वाढलेला असतो. साहजिकच वाद होतो.

येथे मूळ गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. त्रयस्थाच्या हानीच्या विम्याचे दर केंद्र सरकार ठरविते. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे दर मात्र १ जानेवारी २००७ पासून कंपन्यांवर सोपविण्यात आले आहेत. या दुसऱ्या भागावर, दावा न केल्यास पहिल्या वर्षानंतर २० टक्के आणि पाच वर्षांनंतर ५० टक्के सवलत मिळते. ही सवलत किंवा गाडीची किंमत चुकीची नोंदविली गेली, तर पडताळणीनंतर आकडा बदलतो. शिवाय १९३८ च्या विमा कायद्यातील कलम ६४-व्हीबी प्रमाणे हप्ता पोहोचल्याशिवाय कंपनीवर जोखीम येत नाही. तोंडी आकडा म्हणजे करार नव्हे.

म्हणून दोन्ही भागांचे दर, गाडीची किंमत, सवलत व कर वेगवेगळे दाखविणारा लेखी तपशील मागावा. पैसे भरण्यापूर्वी आकडा न पटल्यास दुसऱ्या कंपनीकडे जाण्याची मुभा असते. पैसे भरल्यावर पॉलिसी अर्जाशी जुळली नाही, तर प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. तिने दाद न दिल्यास विमा लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते.

मात्र वादापायी जुन्या विम्याची मुदत उलटू देऊ नये. त्या अवधीत अपघात घडल्यास भरपाईचा भार मालकावरच पडतो. ग्रामपंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी ही गोष्ट घरोघरी पोहोचवावी.