खेळाची प्रत ताजी आहे काय?

पोलंडमध्ये 2008 साली सुरू झालेल्या जीओजी या संगणकीय खेळांच्या दुकानाचा विशेष असा, की तेथे विकत घेतलेल्या खेळाची संपूर्ण फाइल ग्राहकाला उतरवून कायमची संग्रही ठेवता येते. परंतु अशी एकदा दप्तरी दाखल झालेली प्रत आपोआप अद्ययावत होत नसल्यामुळे, तिची वेळोवेळी रुजवात घालणे ग्राहकाकडेच येते. फाइलीच्या नावात बहुधा आवृत्तीचा क्रमांक असतो. तो निर्मात्याने स्वतः जाहीर केलेल्या बदलांच्या यादीशी ताडून पाहावा. मात्र हा क्रमांक दशांश अपूर्णांकासारखा वाचू नये. उदाहरणार्थ, ‘स्टारड्यू व्हॅली’ या खेळाची 1.6.15 ही आवृत्ती 1.6.9 च्या नंतरची आहे.

तफावत आढळताच दुकानदारास दोष देणेही रास्त नव्हे. एकच आवृत्ती सर्व यंत्रांवर एकाच दिवशी येतेच असे नाही; याच खेळाची 1.6 ही आवृत्ती संगणकावर 19 मार्च 2024 रोजी आली, तर घरगुती खेळयंत्रांवर आणि मोबाइलवर ती 4 नोव्हेंबरला पोहोचली. शिवाय निर्मात्याला प्रत्येक दुकानात नवी प्रत स्वतंत्रपणे दाखल करावी लागते, आणि लहान निर्मात्यांकडून काही वेळा मोठ्या दुकानाला अग्रक्रम मिळतो. तरीही, पूर्ण मोल देणाऱ्या ग्राहकास आवृत्ती व तिची तारीख खरेदीपूर्वीच ठळक दिसावी, असे माझे आग्रहाचे मत आहे. नवी प्रत बसवण्यापूर्वी मात्र आपल्या चालू खेळाची नोंद अन्यत्र जतन करावी, कारण नव्या आवृत्तीत उघडलेली नोंद जुनीत पुन्हा उघडेलच, अशी खातरी नसते.