कंबरदुखी व तिचे उपचार



उसाच्या भांगलणीत दिवसभर वाकलेली बाई संध्याकाळी कंबर धरते, तेव्हा गडहिंग्लजच्या घराघरांतून एकच उपदेश होतो : पडून राहा. आम्हीही तोच करीत असू. ती आमची चूक होती. अंथरूण धरल्याने स्नायू दुबळे होतात व दुखणे लांबते.

वजने लावून कंबर ओढणे, ध्वनिलहरींचे व विजेचे यंत्र, पट्टा, यांपायी लोक उसनवारी करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ सालच्या मार्गदर्शिकेने जुनाट कंबरदुखीत या चारींची नित्य शिफारस केलेली नाही. व्यायाम व मालीश यांस अनुकूलता दर्शविली आहे. मालीशीस दुसऱ्याचे हात लागतात, म्हणून आमचा कौल व्यायामाला. ऑस्ट्रेलियात, दुखण्यातून उठलेल्या ७०१ जणांवरील प्रयोगात (२०२४) नियमित चालणाऱ्यांपैकी निम्म्यांची कंबर पुन्हा धरावयास २०८ दिवस लागले, इतरांत ११२.

राबणाऱ्या बाईला आणखी व्यायाम कशाला, असे सासूबाई विचारतील. एकाच रीतीने वाकणे हा व्यायाम नव्हे. सुनेला रोज अर्धा तास मोकळा द्यावा. मात्र पाय बधिर झाले वा लघवीवरील ताबा सुटला, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठावे.